तान्ह्या बाळाची पहिली लस केव्हा टोचावी?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान असे थोर विषय मांडले जातात. मी मात्र आज आपणांपुढे अर्ध्या मिलिलिटर औषधाविषयी बोलणार आहे. बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याच्या मांडीत टोचावयाची कावीळ 'ब'ची लस तेवढीच असते. विषय लहान दिसतो खरा. परंतु न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तो शास्त्राचे आणि समाजाचे प्रश्न सामान्य नागरिकापर्यंत पोहोचावेत म्हणूनच. रानडे जन्माने आपल्याच जिल्ह्यातले, निफाडचे. तेव्हा या विषयाला या परंपरेत जागा आहे असे मी धरून चालतो.

शिवाय हा विषय केवळ डॉक्टरांचा नव्हे. लस टोचते परिचारिका. पण 'आज टोचा' की 'आज नको' हा निर्णय घरात होतो. तो बाळाची आजी करते, आत्या करते, कधी शेजारची जाणती बाई करते. बाळंतिणीला तर पुष्कळदा कोणी विचारीतही नाही. आणि आजींचे म्हणणे ऐकावयास अगदी रास्त वाटते. त्या म्हणतात, "अहो डॉक्टर, काल तर जन्मलंय पोर. अजून डोळे नीट उघडले नाहीत. थोडं अंग धरू द्या, मग टोचा. आम्ही नाही कुठं म्हणतोय?" या वाक्यात लशीला विरोध नाही, केवळ वेळेविषयी शंका आहे. तिचे उत्तर अधिकाराने 'नियम आहे' असे सांगून देता येत नाही, देऊही नये. कारण सांगितले पाहिजे. ते सांगण्याचा माझा आजचा प्रयत्न आहे.

प्रथम कावीळ म्हणजे काय ते पाहू. कावीळ हा एक रोग नव्हे, ते लक्षण आहे. यकृताचे काम बिघडले, किंवा रक्तातील तांबड्या पेशी फार फुटू लागल्या, की पित्तातला पिवळा रंग अंगात साठतो आणि डोळे पिवळे दिसतात. यकृताला सूज आणणारे विषाणू अनेक आहेत. आपण पावसाळ्यात ज्या साथी पाहतो, त्या बहुधा 'अ' आणि 'ई' या विषाणूंच्या. ते दूषित पाण्यातून व अन्नातून येतात, महिना-दोन महिने माणसाला लोळवतात आणि बहुतेकांच्या बाबतीत आपोआप निघून जातात. गरोदर स्त्रियांना 'ई' विषाणू धोक्याचा ठरतो, हा एक मोठा अपवाद.

या आपोआप बऱ्या होणाऱ्या काविळीनेच आपल्याकडील सगळ्या उताऱ्यांना यश मिळवून दिले आहे. गळ्यात काड्यांची माळ घालावयाची. माळ वाढत गेली की कावीळ उतरली. हातावर सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत हात धुवावयाचे. पाणी पिवळे झाले की कावीळ बाहेर पडली. कुणी दंडावर डाग देतो, कुणी नाकात रस पिळतो. माळ वाढते ती ओल्या काड्या सुकून गाठी सैल पडतात म्हणून; पाणी पिवळे होते ते साल आणि चुना एकत्र आले म्हणून. निरोगी माणसाने करून पाहावे, त्याचेही पाणी पिवळे होईल. रोगी बरा होतो हे खरे, पण तो माळ न घालताही बरा झाला असता. या उताऱ्यांना हसण्याचे कारण नाही. लोकांनी डोळ्यांनी पाहिले ते खरे मानले, इतकेच. अडचण अशी की या अनुभवामुळे आपल्या मनात दोन समजुती पक्क्या बसल्या आहेत. एक, कावीळ डोळ्यांना दिसते. आणि दुसरी, ती काही दिवसांत उतरते. कावीळ 'ब'ने लहान बाळाला गाठले, तर या दोन्ही समजुती साफ खोट्या ठरतात.

'ब' विषाणू पाण्यातून येत नाही. तो रक्तातून आणि शरीरातील इतर स्रावांतून येतो. आईकडून बाळाकडे, दूषित सुईतून, न तपासलेल्या रक्तातून, शरीरसंबंधातून, घरातल्या घरात एकाच वस्तऱ्यातून किंवा उघड्या जखमेतून तो पसरतो. शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातसुद्धा, तो निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. आपल्या शेजारच्या गुजरातेत मोडासा येथे २००९ साली याची मोठी साथ आली व अनेक माणसे दगावली. एकदा वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने ती पसरली, असे तपासात दिसून आले. 'इंजेक्शन घेतल्याशिवाय बरे वाटत नाही' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता मुख्य मुद्दा सांगतो. आपणांस या व्याख्यानातली एकच गोष्ट घरी न्यावयाची असेल, तर ही न्यावी. कावीळ 'ब'मध्ये रोग कोणत्या वयात गाठतो यावर सगळे भवितव्य अवलंबून असते. धट्ट्याकट्ट्या प्रौढ माणसाला या विषाणूची लागण झाली, तर त्याचे शरीर त्याच्याशी झगडते. झगड्यात यकृत सुजते, डोळे पिवळे होतात, माणूस अंथरुण धरतो. पण शंभरांतले पंच्याण्णवाहून अधिक लोक विषाणूला हाकलून देतात. पाच वर्षांखालील मुलांत मात्र शंभरांपैकी पंचवीस ते पन्नास जणांच्या शरीरात तो कायमचा ठाण मांडतो. आणि जन्माच्या वेळी किंवा पहिल्या वर्षात लागण झाली, तर शंभरांपैकी नव्वद बालकांच्या शरीरात तो कायमचा राहतो.

आपल्याला वाटते, लहान शरीर नाजूक, म्हणून त्याला रोग जोराचा होईल. येथे नेमके उलट घडते. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती अजून आपले कोण आणि परके कोण हे शिकत असते. त्या वेळी जो विषाणू यकृतात शिरतो, त्याला ती परका मानीत नाही. झगडा होत नाही, म्हणून सूज नाही. सूज नाही, म्हणून कावीळही नाही. बाळ दूध पिते, हसते, रांगते, शाळेत जाते. घरात कोणालाही शंका येत नाही. तीस-चाळीस वर्षांनी, संसार ऐन भरात असताना, पोटात पाणी होते किंवा रक्ताची उलटी होते, आणि तपासणीत यकृत आकसून घट्ट झालेले किंवा त्यात कर्करोगाची गाठ झालेली आढळते. लहानपणी ज्यांना हा विषाणू कायमचा जडला, त्यांच्यापैकी शंभरांत पंधरा ते पंचवीस जणांचा मृत्यू अखेर यकृताच्या अशा विकारांनी होतो.

आपल्याकडे समजूत आहे की पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या भाळी त्याचे भविष्य लिहून जाते. आपण पाटा मांडतो, दिवा लावतो, रात्र जागवतो. कावीळ 'ब'चा विषाणू पाचवीची वाट पाहत नाही. आईच्या रक्तात तो असेल, तर तो बहुधा प्रसूतीच्या वेळी, आईच्या रक्ताशी व स्रावांशी संबंध येताच, बाळाच्या शरीरात प्रवेश करतो. म्हणजे आजी 'थोडं अंग धरू द्या' म्हणतात, त्या वेळी विषाणू यकृताच्या वाटेवर लागलेला असू शकतो.

येथे चौकस श्रोता विचारील की विषाणू आधीच शिरला असेल, तर मागून लस टोचून काय उपयोग? प्रश्न उत्तम आहे. याचे उत्तर असे की हा विषाणू सावकाश चालणारा आहे. लागण झाल्यापासून रोग उमटेपर्यंत त्याला एक ते सहा महिने लागतात. लस ताबडतोब मिळाली, तर बाळाचे शरीर त्या अवधीत प्रतिपिंडे तयार करू लागते आणि विषाणूने यकृतात घर करण्यापूर्वी त्याला गाठते. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर आपण लस घेतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. तेथे आपण 'जरा अंग धरू द्या' म्हणत नाही. धावत इस्पितळात जातो. या शर्यतीत प्रत्येक तासाला किंमत असते, आणि जसजसा उशीर होतो तसतसा लशीचा हा प्रतिबंधक गुण कमी होत जातो. चोवीस तासांची मर्यादा घालण्याचे कारण एवढेच आहे.

आकड्यांत सांगावयाचे, तर ज्या आईच्या रक्तात विषाणू जोरात वाढत असतो, तिच्या बाळाला काहीच उपाय न केल्यास लागण होण्याची शक्यता शंभरांत सत्तर ते नव्वद असते. वेळेवर दिलेला पहिला डोस आणि त्यापुढचे डोस यांनी यांतील बहुसंख्य बालके वाचतात. त्याच वेळी, बारा तासांच्या आत, दुसऱ्या मांडीत तयार प्रतिपिंडांचे म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन दिले, तर दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक बालके सुरक्षित राहतात. ज्या गरोदर स्त्रीच्या रक्तात विषाणूचे प्रमाण फार असते, तिला शेवटच्या तिमाहीत टेनोफोव्हिर नावाच्या गोळ्या देऊन धोका आणखी कमी करता येतो. एवढी साधने आज हाताशी आहेत. ती वेळेवर वापरणे एवढेच काम आपल्याकडे उरते.

ही साधने आली कोठून, तेही थोडक्यात पाहू. १९६५ साली डॉ. बारुच ब्लुंबर्ग या अमेरिकी संशोधकाला ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडले. ते कावीळ 'ब'च्या विषाणूच्या आवरणाचे आहे हे पुढे कळले. या कामाबद्दल त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आज जगभर हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. १९८१ साली रक्तद्रवापासून केलेली पहिली लस अमेरिकेत मान्य झाली. १९८६ साली यीस्टच्या पेशींकडून विषाणूचे केवळ आवरण तयार करवून घेण्याची युक्ती साधली. म्हणजे आज आपण टोचतो त्या लशीत जिवंत वा मेलेला विषाणू मुळीच नसतो. असतो तो त्याचा नुसता अंगरखा. तो पाहून शरीर शत्रू ओळखावयास शिकते. या लशीने कावीळ होणे त्यामुळे अशक्य आहे.

आपल्या देशात प्रथम ही लस परदेशातून येई आणि तिचा एक डोस मध्यमवर्गीयालाही जड जावा इतका महाग होता. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या संस्थेने देशी लस बाजारात आणली आणि किंमत झपाट्याने उतरली. पुढे पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही या कामात उतरली. २००२ च्या सुमारास निवडक शहरांत व जिल्ह्यांत सरकारने ही लस लसीकरण कार्यक्रमात घेतली; २००७-०८ मध्ये ज्या दहा राज्यांत ती पोहोचली त्यांत महाराष्ट्र होता; आणि २०११-१२ पासून ती सर्व देशासाठी लागू झाली. तेव्हा देशातील काही जाणत्या डॉक्टरांनी यावर टीकाही केली. आपल्याकडे रोगाचे प्रमाण सांगितले जाते तेवढे नाही, पैसा इतर गरजांवर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. असे वाद होणे चांगले; त्यांनी आकडे तपासले जातात. पण लस स्वस्त झाली आणि इतर देशांचे अनुभव पुढे आले, तसा तो युक्तिवाद दुबळा पडत गेला.

त्या अनुभवांत तैवानचा अनुभव मोठा बोलका आहे. त्या बेटावर दहांतील सुमारे एका मुलाच्या शरीरात हा विषाणू कायमचा असे. १९८४ साली त्यांनी प्रथम बाधित मातांच्या बाळांना आणि दोन वर्षांनी सगळ्याच बाळांना जन्मतः लस देण्यास प्रारंभ केला. बाधित मुलांचे प्रमाण एका पिढीत शेकडा एकाच्या खाली आले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण दर लाखाला ०.७० वरून ०.३६ वर, म्हणजे निम्म्यावर उतरले. लस टोचून कर्करोग टाळता येतो हे जगाने तेथे प्रथम पाहिले.

आपल्याकडे अजून काम किती उरले आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोक हा विषाणू घेऊन जगत होते आणि त्या एका वर्षात ११ लाख माणसे या रोगाने मृत्यू पावली. भारतात अशा बाधितांची संख्या सुमारे २ कोटी ९८ लाख होती. चीनखालोखाल आपला क्रमांक लागतो. यांतील बहुतेकांना आपल्या रक्तात काय आहे याची कल्पनाही नाही.

आता एका अशा प्रश्नाकडे वळतो, जो वर्तमानपत्रे वाचणारे तरुण आईबाप विचारतात. ते म्हणतात, "आईची रक्ततपासणी झाली आहे, ती निर्दोष आली आहे. मग पहिल्याच दिवशी लस कशाला? अमेरिकेतसुद्धा आता थांबायला सांगतात ना?" बातमी खरी आहे. ५ डिसेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या सरकारी लसीकरण सल्लागार समितीने बहुमताने असा सल्ला दिला, की आईची तपासणी निर्दोष असेल तर पहिल्या डोसाचा निर्णय आईबाप आणि डॉक्टर यांनी मिळून घ्यावा, आणि तो जन्मतः द्यावयाचा नसेल तर निदान दोन महिन्यांपर्यंत थांबावे. परंतु बातमीचा उरलेला भागही वाचावा. आई बाधित असेल, किंवा तिची तपासणीच झालेली नसेल, तर जन्मतः लस देण्याचा नियम त्या समितीनेही कायम ठेवला. आणि त्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा सल्ला न मानता सर्व बाळांना जन्मतः लस द्यावी असेच सांगितले.

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. आईची तपासणी खरोखर निर्दोष असेल, गरोदरपणात तिला नवा संसर्ग झाला नसेल आणि घरात दुसरे कोणी बाधित नसेल, तर त्या एका बाळाला पहिल्या दिवशीच्या डोसाचा लाभ थोडाच आहे. हे मी मान्य करतो. पण या वाक्यात किती 'तर' आले ते मोजून पाहा. तपासणी तिसऱ्या महिन्यात झाली आणि संसर्ग सातव्या महिन्यात झाला, तर कागद निर्दोषच राहील. संसर्ग ताजा असेल, तर पहिले काही आठवडे तपासणीत तो दिसत नाही. कागद माहेरच्या दवाखान्यात राहतो आणि प्रसूती सासरच्या गावी होते. नाव चुकते, निकाल लिहिताना चुकतो. शिवाय बाळाला कडेवर घेणारे काका, मामा, आजोबा यांची तपासणी तर कोणीच केलेली नसते.

अमेरिकेने हा अनुभव पूर्वी घेतलेला आहे. १९९१ पूर्वी तेथे केवळ 'धोक्यातल्या' लोकांनाच लस देण्याचे धोरण होते. त्या काळी दरसाल दहा वर्षांखालील सुमारे १८ हजार मुलांना लागण होत असावी आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांना ती आईकडून झालेली नसावी, असा अंदाज होता. १९९१ पासून सर्व बाळांना लस द्यावयाचे ठरले. १९९९ च्या जुलैत लशीतील थायोमर्सल या पारायुक्त रक्षकद्रव्याविषयी शंका निघाल्याने, निर्दोष मातांच्या बाळांचा पहिला डोस तात्पुरता पुढे ढकलण्यास सांगण्यात आले. सूचना फक्त निर्दोष मातांपुरती होती. परंतु काही इस्पितळांनी सगळ्यांचीच लस थांबवली. मिशिगन राज्यात एका बाधित आईचा निकाल चुकीने निर्दोष म्हणून कळवला गेला, बाळाला लस मिळाली नाही, आणि ते तिसऱ्या महिन्यात या रोगाने दगावले. सर्वांसाठी असलेला नियम अशा चुकांना पोटात घेतो; निवडक नियमात त्या बाळाच्या माथी येतात.

आपण गोदाकाठची माणसे आहोत. पुराचे पाणी किती चढले ते दुतोंड्या मारुतीवरून पाहण्याची आपली रीत आहे. पण घाटावरचा दुकानदार आपला माल मारुतीच्या कमरेला पाणी लागल्यावर हलवीत नाही; धरणातून पाणी सुटल्याचे कळताच हलवतो. एखाद्या वर्षी पाणी चढत नाही आणि त्याची हमाली फुकट जाते. तेवढ्यावरून तो पुढच्या वर्षी स्वस्थ बसत नाही. पहिल्या दिवशीची लस म्हणजे ही हमाली आहे, आणि ती फार स्वस्त आहे.

ती स्वस्त म्हणजे निर्धोक आहे का, हे विचारणे आईबापांचा हक्क आहे. टोचलेल्या जागी थोडे दुखते, क्वचित बारीक ताप येतो, तो एक-दोन दिवसांत जातो. तीव्र वावडे, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, दहा लाख डोसांत सुमारे एकदा आढळते आणि त्यावर तत्काळ उपचार करता येतो. म्हणून लस टोचल्यावर अर्धा तास थांबण्यास सांगतात. थायोमर्सलविषयी पुढे मोठमोठ्या पाहण्या झाल्या. त्यामुळे मुलांच्या मेंदूला अपाय होतो असे त्यांत दिसले नाही. बाळाच्या इवल्याशा अंगावर भार पडतो म्हणावे, तर जन्मल्या क्षणापासून हवा, कपडे, माणसांचे हात यांतून जितके नवे जंतू त्याच्यावर येतात, त्यांच्यापुढे एका प्रथिनाचा भार काहीच नव्हे.

आणखी काही शंका झटपट निकालात काढतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळ बाळे थोडी पिवळी दिसतात. ती कावीळ 'ब' नव्हे, लशीमुळेही नव्हे. ती बहुधा नवजात यकृताच्या अपुऱ्या वाढीमुळे येते. पिवळेपणा पहिल्याच दिवशी दिसला किंवा फार वाढला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे असले तरी हा डोस देता येतो. दोन किलोंखालील बाळाचा हा डोस मोजणीत धरीत नाहीत, आणि आपल्या सरकारी वेळापत्रकात पुढे तीन डोस असल्याने त्याचे नुकसान होत नाही. आई बाधित असली तरी तिने बाळाला अंगावर अवश्य पाजावे. लस दिलेल्या बाळाला दुधापासून धोका नाही. मुहूर्ताविषयी इतकेच म्हणतो की जन्माला येताना बाळाने मुहूर्त पाहिला नाही; लशीसाठी तो पाहू नये.

आता व्यवहाराकडे येऊ. वेळापत्रक सोपे आहे. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत कावीळ 'ब'चा पहिला डोस, त्याबरोबर क्षयाची बीसीजी आणि पोलिओचे थेंब. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट नावाची पाच रोगांची एकत्र लस; तिच्यात कावीळ 'ब'ही असते. पहिला डोस मिळाला म्हणून पुढचे टाळू नयेत, आणि पहिला हुकला म्हणून निराश होऊन सहाव्या आठवड्याचाही चुकवू नये. सरकारी केंद्रांत हे सर्व विनामूल्य मिळते. प्रत्येक डोसाची नोंद माता व बाल संरक्षण कार्डावर करून घ्यावी आणि ते कार्ड घराच्या सातबाऱ्याइतके जपावे.

हा डोस हुकतो कोठे, हेही सांगितले पाहिजे. बाळ रात्री जन्मते, रविवारी जन्मते. लस देणारी परिचारिका सकाळी येते. कोठे 'लसीकरणाचा वार उद्या आहे' म्हणतात. कोठे दहा डोसांची कुपी एका बाळासाठी कशी फोडावी म्हणून थांबतात. सरकारी नियमाप्रमाणे, स्वच्छता, तापमान आणि मुदत सांभाळली असेल, तर या लशीची उघडलेली कुपी २८ दिवसांपर्यंत वापरता येते. तेव्हा एका बाळासाठी कुपी फोडल्याने नासाडी होत नाही. प्रसूतिगृहात नाव नोंदवतानाच विचारावे, "रात्री बाळंतपण झाले तर पहिली लस कोण देणार?" हा प्रश्न चार कुटुंबांनी विचारला की पाचव्यासाठी व्यवस्था आपोआप होते.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या पाड्यांवर अजूनही काही बाळंतपणे घरी होतात. पावसात ओढा भरला की इस्पितळ दूर पडते. अशा ठिकाणी दिवस जवळ आले की गरोदर स्त्रीला आधीच दवाखान्याजवळ आणणे हाच उत्तम उपाय. ते न साधल्यास बाळ जन्मताच आशाताईंना निरोप गेला पाहिजे. शहरातल्या सभागृहांत टाळ्या मिळवणाऱ्या आम्हा वक्त्यांपेक्षा अशा पाड्यावर शीतपेटी घेऊन चालत जाणारी परिचारिका या कामात थोर आहे. या लशीला उन्हापेक्षा गोठण्याची भीती अधिक. बर्फाला चिकटून ती गोठली की निकामी होते. हे ती जाणते आणि वाटभर जपते.

शेवटी जे सांगावयाचे आहे ते औषधाचे नव्हे, माणुसकीचे आहे. गरोदरपणात प्रत्येक स्त्रीची कावीळ 'ब'साठी रक्ततपासणी व्हावी, असे २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेला राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सांगतो. तपासणीत सून बाधित निघाली, की पुष्कळ घरांत कुजबुज सुरू होते. तिचे ताट-वाटी वेगळे काढतात, तिच्या चारित्र्यावर बोट ठेवतात, कधी तिला माहेरी धाडून देतात. बंधुभगिनींनो, हे अन्यायाचे आहे आणि अज्ञानाचेही. हा रोग ताटातून पसरत नाही, एकत्र जेवल्याने पसरत नाही. आणि ज्या मुलीच्या रक्तात आज हा विषाणू सापडला, तिला तो पुष्कळदा तिच्या स्वतःच्या जन्माच्या दिवशी, तिच्या आईकडून आलेला असतो. त्या दिवशी तिला लस देणारे कोणी नव्हते. तिच्या पदरी दोष बांधण्याऐवजी घरातल्या सगळ्यांनी आपले रक्त तपासून घ्यावे, निर्दोष असतील त्यांनी लस घ्यावी; प्रौढांना ती आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी अशी तीनदा घ्यावी लागते. आणि बाळाला जन्मतः लस व इम्युनोग्लोब्युलिन मिळेल अशी तजवीज आधीच करून ठेवावी. ज्या घरात सुनेला असे सांभाळून घेतात, त्या घरात ती आपला निकाल लपवीत नाही. आणि निकाल लपला नाही, तर बाळ वाचते. घरच्या माणसांचा धीर लशीइतकाच उपयोगी पडतो.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. ही हिंदुस्थानातील पहिली लस. ती लस बगदाद, बसऱ्यामार्गे, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी चालत येथवर आली होती. तेव्हाही 'पोर लहान आहे, देवीचा कोप होईल' असे म्हणणारे होतेच. पावणेदोनशे वर्षे हे काम चालले आणि १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी राहिला नाही. आज आपल्या नातवंडांना देवीचे व्रण म्हणजे काय ते ठाऊकही नाही. कावीळ 'ब'ही माणसातून माणसातच पसरते. जी बाळे आज वाचतील, ती उद्याच्या बाळांना हा रोग देणार नाहीत. आईकडून मुलीकडे आणि मुलीकडून नातीकडे चालत आलेली ही साखळी एका दिवशी तोडता येते, आणि तो दिवस बाळाच्या जन्माचा असतो.

म्हणून आजींना माझी हात जोडून विनंती आहे. बाळाला काजळ, तीट, बाळगुटी यांविषयी आपण पुढे निवांत बोलू. पण पहिल्या दिवशी, बाळाला मांडीवर घेतल्यावर, परिचारिकेला आपणच हाक मारून विचारा, "बाई, चोवीस तासांच्या आतली लस झाली का?" आपण विचारलेत, तर घरात दुसरे कोणी 'नको' म्हणणार नाही.